प्रथिन तयार झाले आहे, पण ते पेशीच्या बाहेर आले आहे का?

प्रश्न असा आहे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने ई. कोलायच्या निरुपद्रवी प्रयोगशालेय स्ट्रेनमध्ये सुमारे ५५ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाच्या एका एन्झाइमचे जनुक एलपीपी-ओम्प-ए या वाहक प्रथिनाच्या जनुकाला जोडून घातले आहे. एन्झाइम पेशीच्या पृष्ठभागावर यावे, म्हणजे ते वेगळे शुद्ध करण्याचा खटाटोप वाचेल आणि पेशीच उत्प्रेरक म्हणून पुनःपुन्हा वापरता येतील, असा हेतू आहे. प्रथिने जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून हवे ते अँटिबॉडीने ओळखणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर अपेक्षित वजनाची ठळक पट्टी दिसते. मात्र अख्ख्या पेशींना लांब साखळीचे बहुवारिक सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) दिले तर काहीच घडत नाही, आणि त्याच पेशी सोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींनी, फोडल्या की एन्झाइम व्यवस्थित काम करते. त्यांनी विचारले आहे की सर्वांत चांगले वाहक कोणते, आणि आहे ते बदलावे का.

वाहकाचे नाव मी लगेच सांगू शकेन, पण त्याने आपली अडचण सुटेल याची खात्री नाही. वाहक बदलण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात : आपले प्रथिन नेमके कोठे अडकले आहे, आणि पेशीच्या आतून बाहेरपर्यंतचा प्रवास मुळात त्याला झेपणारा आहे का. वाहकाला जोडून जे प्रथिन बाहेर पाठवायचे असते त्याला मी इथे पाहुणे प्रथिन म्हणतो. माझ्या अनुभवात अपयशी ठरलेल्या बहुतेक प्रयोगांत वाहक दोषी नव्हते; पाहुण्याचा स्वभाव न पाहता त्याला हाताशी असलेल्या पहिल्या प्लाझ्मिडमध्ये (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात) बसवले गेले होते. हे मी स्वतःही केले आहे.

आपल्या निरीक्षणांचा अर्थ आधी लावू. ई. कोलायच्या बाह्य पटलात पोरिन नावाची छिद्रे असतात आणि त्यांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे लहान रेणू आत जाऊ शकतात. आपले सब्स्ट्रेट बहुवारिक असल्यामुळे ते या छिद्रांतून जाणे शक्य नाही, म्हणून अख्ख्या पेशींवर मिळालेले शून्य उत्तर विश्वासार्ह आहे : काम करणारे एन्झाइम बाहेर नाही. सब्स्ट्रेट लहान असते तर आपली उलट फसगत झाली असती, कारण पटलाच्या आतल्या बाजूला बसलेले एन्झाइमही अख्ख्या पेशीत काम करताना दिसले असते आणि आपण यशाची नोंद करून मोकळे झाला असता. दुसरी जमेची बाजू अशी की पेशी फोडल्यावर काम दिसते, म्हणजे प्रथिनाला योग्य घडी पडली आहे आणि ते अविद्राव्य गोळे होऊन वाया गेलेले नाही. पण ही घडी कोठे पडली यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

या पेशीतून बाहेर पडताना प्रथिनाला दोन पटले ओलांडावी लागतात. रायबोसोमवर तयार होत असलेली साखळी तिच्या सुरुवातीच्या संकेत पेप्टाइड या छोट्या तुकड्याच्या आधारे सेक या मार्गाने अंतःपटलातून ओवली जाते, आणि हा मार्ग उलगडलेला धागाच स्वीकारतो. पेशीद्रवातच घडी पडून घट्ट झालेले प्रथिन त्यातून जात नाही. कधीकधी ते अर्ध्यात अडकून सगळी वाटच बंद करते. पलीकडे पेरिप्लाझम, म्हणजे दोन पटलांमधली जागा, लागतो. तिथे सुर-ए आणि स्कप हे रक्षक त्या धाग्याला सांभाळतात, डीएसबी-ए हे एन्झाइम डायसल्फाइड बंध बांधते आणि डेग-पी हे प्रोटिएझ (प्रथिने कापणारे एन्झाइम) बिघडलेल्या घडीची प्रथिने कापून टाकते. त्यानंतर बाह्य पटल, ज्याचा बाहेरचा थर लिपोपॉलिसॅकराइडचा असतो. म्हणजे आपले एन्झाइम पेशीद्रवात राहिलेले असू शकते, पेरिप्लाझममध्ये वाहकापासून तुटून सुटे झालेले असू शकते, किंवा बाह्य पटलात नीट रुतलेले पण तोंड आत करून बसलेले असू शकते. तिन्ही स्थितींत आपल्याला दिसले तेच दिसेल.

या तीन शक्यता वेगळ्या करण्यासाठी फोडलेल्या पेशींचा द्रव आधी कमी वेगाने फिरवून न फुटलेल्या पेशी काढून टाका आणि मग तो अतिवेगाने, सुमारे १,००,००० जी इतक्या बलाने फिरवा. एन्झाइमचे काम वरच्या द्रवात राहिले तर ते पटलाला जोडलेलेच नाही. ते तळाच्या पटलांच्या गोळ्यात आले तर त्या गोळ्यावर सार्कोसिल हे डिटर्जंट वापरून पाहा. ते अंतःपटल विरघळवते आणि बाह्य पटलातील प्रथिने बहुतांशी अविद्राव्य ठेवते. सार्कोसिलनंतर एन्झाइमचे काम टिकेलच असे नाही, म्हणून तिथे ब्लॉटवरच विसंबावे. ब्लॉटसंबंधी एक सावधगिरी : संकेत पेप्टाइड कापले गेले आहे की नाही हे पट्टीच्या वजनावरून कळावे अशी अपेक्षा असते, पण सत्तरेक किलोडाल्टनच्या जोडप्रथिनात तो फरक फक्त दोन किलोडाल्टनचा असतो आणि साध्या जेलवर तो सुटा दिसत नाही. पट्टी योग्य जागी आहे एवढ्यावरून प्रवास सुरू झाला असेही सिद्ध होत नाही.

प्रथिन बाहेर आहे की नाही याची मला सर्वांत भरवशाची वाटणारी चाचणी जुनी आणि स्वस्त आहे. अख्ख्या, धुतलेल्या पेशींना ट्रिप्सिन किंवा प्रोटिनेझ-के द्यायचे. हे प्रोटिएझ पटलातून आत जाऊ शकत नाही, म्हणून जे बाहेर आहे तेवढेच कापले जाते आणि ब्लॉटवरील पट्टी फिकी होते किंवा नाहीशी होते. पण या चाचणीचे सगळे मोल तिच्या कंट्रोलमध्ये आहे. पेशींचे बाह्य पटल चाचणीदरम्यान शाबूत होते हे दाखवता आले नाही, तर पट्टी गेली याचा अर्थ काहीही होऊ शकतो. सुदैवाने तो कंट्रोल पेशीतच असतो. यजमानाचे स्वतःचे ओम्प-ए हे ३५ किलोडाल्टनचे प्रथिन अख्ख्या पेशीत ट्रिप्सिनला दाद देत नाही; पटल फाटले तरच त्याचा पेरिप्लाझममधला भाग कापला जातो आणि २४ किलोडाल्टनचा तुकडा उरतो. त्याच ब्लॉटवर हा तुकडा दिसला तर प्रयोग रद्द समजावा. ओम्प-एविरुद्धची अँटिबॉडी मिळत नसेल, तर पेरिप्लाझममधील एखादे विद्राव्य प्रथिन शाबूत राहिले हे दाखवावे. आणि वेळ संपल्यावर ट्रिप्सिन निरोधकाने थांबवल्याशिवाय पेशी जेलसाठी उकळू नयेत, नाहीतर पेशी फुटून ट्रिप्सिन मरेपर्यंतच्या काही क्षणांत आतले प्रथिनही कापले जाते.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. प्राणिपेशींच्या कामासाठी ट्रिप्सिनची बाटली फ्रीजमध्ये तयार होती, तीच मी वापरली आणि पृष्ठभागावरील प्रथिन सुरेख कापले गेल्याचे पाहून खूश झालो. त्या बाटलीत ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारे रसायन होते. लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांनी एकमेकांना धरून असतात, ईडीटीए ते आयन ओढून घेते आणि बाह्य पटल झिरपू लागते. माझ्याकडे कंट्रोल नव्हता, म्हणून ही गोष्ट पुढचे सहा आठवडे लक्षात आली नाही. तेव्हापासून धुण्याच्या बफरमध्ये थोडे मॅग्नेशियम घालतो आणि ईडीटीएची बाटली त्या टेबलावर ठेवूच देत नाही.

अनेक जण एन्झाइमऐवजी आधी हिरवे चमकणारे जीएफपी वाहकाला जोडून पद्धत चालते का ते पाहतात. ही कल्पना चांगली वाटते, पण साधे जीएफपी सेक मार्गाने उलगडून पेरिप्लाझममध्ये पोचले तर तिथे त्याची चमकणारी घडी पडत नाही. म्हणून साध्या जीएफपीने पेशी झळाळत असतील तर ते जीएफपी बहुधा बाहेर आलेलेच नाही. एमचेरीसारखी प्रथिने पेरिप्लाझममध्येही चमकतात, पण पेशी चमकते यावरून ते पटलाच्या कोणत्या बाजूला आहे हे कळत नाहीच. चमक हवी असेल तर पाहुण्याला एखादा छोटा टॅग जोडावा, त्याविरुद्धची चमकणारी अँटिबॉडी अख्ख्या पेशींना लावावी आणि एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर पाहावे. अँटिबॉडी शाबूत पटलातून आत जात नाही. मृत पेशी वगळण्यासाठी प्रोपिडियम आयोडाइड हे फक्त फुटक्या पेशींत शिरणारे रंगद्रव्य सोबत वापरावे, कारण थोड्याशा फुटक्या पेशीही मोठा खोटा सिग्नल देतात.

आता पाहुण्याच्या स्वभावाकडे वळतो, कारण निर्णय तिथेच व्हायचा आहे. १९८५ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी जिवाणूभक्षक विषाणूच्या आवरणावर परके पेप्टाइड मांडून दाखवले, आणि त्या वाटेवरील कामासाठी त्यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८६ मध्ये जिवाणूंच्या बाबतीत तसेच काम झाले. लॅम-बी आणि ओम्प-ए या बाह्य पटलातील प्रथिनांच्या बाहेर डोकावणाऱ्या वेढ्यांत छोटे परके तुकडे घुसवले गेले. आपण वापरता तो एलपीपी-ओम्प-ए सांधा १९९२ चा आहे : लिपोप्रथिनाचे संकेत पेप्टाइड आणि पहिली नऊ अमिनो आम्ले, त्यापुढे ओम्प-एची ४६ ते १५९ ही अमिनो आम्ले, आणि शेवटी पाहुणे. त्या पहिल्या प्रयोगात पाहुणे होते बीटा-लॅक्टामेझ. हे एन्झाइम मुळातच पेरिप्लाझममध्ये राहणारे आहे, म्हणजे सेकच्या अरुंद वाटेने उलगडून जाण्याची आणि पलीकडे पुन्हा घडी घालण्याची त्याला सवय आहे. ते बाहेर आले म्हणून कोणतेही प्रथिन त्या वाहकावर बसेल असा निष्कर्ष आपण सगळेच घाईने काढतो.

म्हणून मी कोणालाही पहिला प्रश्न विचारतो तो हा : आपले एन्झाइम ज्या जीवातून घेतले, तिथे ते कोठे राहते? मूळ जीव ते स्वतःच पेशीबाहेर सोडत असेल तर आशा पुष्कळ आहे. ते पेशीद्रवातले असेल, पटकन घट्ट घडी घालणारे असेल, त्याला हीमसारखा सहघटक पेशीद्रवातच बसवावा लागत असेल, तर उलगडून बाहेर नेताना तो सहघटक सोबत जाणार नाही आणि बाहेर पोचलेले प्रथिन निकामी असेल. जस्तासारखा साधा धातू मात्र माध्यमातूनही मिळू शकतो. पेशीद्रवातल्या प्रथिनांत मोकळी सिस्टीन असतील तर पेरिप्लाझममध्ये डीएसबी-ए त्यांचे भलतेच बंध बांधू शकते. एकापेक्षा जास्त घटकांनी बनणारी प्रथिने अवघड खरी, पण अशक्य नाहीत. काही वाहक बाह्य पटलात सरकू शकत असल्यामुळे त्यांच्यावरचे दोन घटक शेजारी येऊन जुळल्याची उदाहरणे आहेत. आपल्या प्रश्नात एन्झाइमचे मूळ घर सांगितलेले नाही, आणि माझे उत्तर सर्वांत जास्त त्यावरच बदलेल.

वाहकांविषयी माझे मत या क्रमाने आहे. दहावीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड मांडायचे असेल तर ओम्प-एक्स या बाह्य पटलातील प्रथिनाचा फेररचित अवतार उत्तम, कारण त्यात प्रथिनाची दोन्ही टोके बाहेर उघडतात. लॅम-बीच्या वेढ्यांत पन्नास-साठ अमिनो आम्लांपुढे जाऊ नये. नॅनोबॉडीसारख्या (अँटिबॉडीच्या छोट्या तुकड्यासारख्या) लहान, घट्ट, एका डायसल्फाइड बंधाच्या पाहुण्यासाठी मी इंटिमिन या बाह्य पटलातील प्रथिनाचा पटलात रुतणारा भाग निवडतो. इंटिमिन स्वतःच इम्युनोग्लोब्युलिनसारख्या घड्यांची माळ बाहेर काढते, त्यामुळे तशा पाहुण्यांशी त्याचे जमते. इंटिमिन मूळचे रोगकारक जिवाणूंचे असले तरी वापरायचा असतो तो फक्त पटलात रुतणारा भाग, पेशीला चिकटणारे टोक नव्हे. आयडा-वन वर्गातील स्वयंवाहक प्रथिने, म्हणजे स्वतःचाच एक भाग बाह्य पटलाबाहेर काढणारी प्रथिने, मोठ्या एन्झाइमसाठी प्रभावी आहेत आणि त्यांच्यामुळे एका पेशीवर पाहुण्याच्या हजारो प्रती बसतात, पण तिथेही पाहुणे बाह्य पटलातून बहुतांशी उलगडलेलेच जाते. पेरिप्लाझममध्ये डायसल्फाइड बंधाने मोठा वेढा आवळला गेला की ते अडते, आणि अशा वेळी डीएसबी-ए नसलेला यजमान कामी येतो. स्यूडोमोनस सिरिंजी या जिवाणूचे, पाणी उणे दोन अंशांच्या आसपासच गोठवायला लावणारे हिमकेंद्रक प्रथिन मला मोठ्या पाहुण्यांसाठी सर्वांत सहनशील वाटते. ते पटलाला नेमके कसे धरून राहते हे समाधानकारक उलगडलेले नसताना ते इतके उपयोगी पडावे, याची मला अजूनही गंमत वाटते. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके तोडणारे एन्झाइम एलपीपी-ओम्प-ए आणि हिमकेंद्रक अशा दोन्ही वाहकांवर यशस्वीपणे मांडले गेले आहे, तेव्हा आपले सध्याचे वाहक मोठ्या एन्झाइमसाठी टाकाऊ आहे असे नाही.

पाहुण्याला पटल ओलांडणेच झेपत नसेल तर ई. कोलायचा हट्ट सोडावा. बॅसिलस सब्टिलिसच्या बीजाणूंचे कवच मातृपेशीच्या पेशीद्रवातच रचले जाते, म्हणून कॉट-बी, कॉट-सी किंवा कॉट-जी या कवचप्रथिनांना जोडलेल्या पाहुण्याला एकही पटल ओलांडावे लागत नाही. बीटा-गॅलॅक्टोसिडेझचे उदाहरण बोलके आहे : ई. कोलायमध्ये त्याला संकेत पेप्टाइड लावून बाहेर पाठवू पाहिले की ते सेकची वाट तुंबवते, आणि तेच चार घटकांचे अवजड एन्झाइम बीजाणूंवर कार्यक्षम स्वरूपात मांडले गेले आहे. शिवाय बीजाणू उष्णता आणि कोरडेपणा सहन करतात. लॅक्टोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंत ओलांडायला एकच पटल असते, पण पुढे पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत लागते. तिथे सॉर्टेझ हे एन्झाइम एलपीएक्सटीजी ही खूण ओळखून तिच्यातील थ्रिओनिन आणि ग्लायसिन यांच्यामध्ये काप घेते आणि प्रथिन भिंतीला कायमचे जोडते. खूण आणि पाहुणे यांच्यामध्ये पुरेशी लांबी ठेवावी लागते, नाहीतर पाहुणे भिंतीतच गाडले जाते. स्टॅफिलोकोकस कार्नोससवरील कामात त्यासाठी सुमारे ९० अमिनो आम्ले लागली होती.

समजा तपासणीत एन्झाइम पेशीद्रवातच राहिले असे निघाले, तरी वाहक बदलण्याआधी उत्पादनाचा वेग कमी करून पाहा. टी-सेव्हन प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा जोरदार भाग), ३७ अंश तापमान आणि तो प्रमोटर जागवणारे रसायन आयपीटीजी भरपूर, हे मिश्रण पेशीद्रवात प्रथिन साठवण्यासाठी बनलेले आहे. पृष्ठभागाची वाट अरुंद असल्यामुळे तिच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रथिन आले की उरलेले आतच घडी घालून बसते, आणि ब्लॉटवरची ठळक पट्टी हे मला उलट काळजीचे चिन्ह वाटते. मी २४-२५ अंशांवर, आयपीटीजी दशांश किंवा त्याहूनही कमी करून, लांबवर वाढवतो. अरॅबिनोजवरील प्रमोटर वापरत असाल तर लक्षात ठेवा की कमी मात्रेत काही पेशी पूर्ण चालू आणि काही पूर्ण बंद असा प्रकार होतो. फ्लो सायटोमीटरवर दोन ढीग दिसले तर त्याचे कारण ते असू शकते. वाहकातून सुटे झालेले लहान तुकडे दिसत असतील तर ओम्प-टी हे पृष्ठभागावरील प्रोटिएझ नसलेला यजमान घ्यावा. बीएल२१ मध्ये ते नसते.

तेव्हा आपल्यासाठी क्रम असा राहील. आहे त्याच प्लाझ्मिडवर आधी तापमान आणि आयपीटीजी कमी करून अख्ख्या पेशींचे काम मोजा. तरीही शून्य आले तर पेशी फोडून एन्झाइम द्रवात आहे की पटलात ते पाहा. पटलात असेल आणि ट्रिप्सिनपासून सुरक्षित असेल, तर ते तोंड आत करून बसले आहे. तेव्हाच वाहक बदलण्यात अर्थ आहे, आणि ५५ किलोडाल्टनच्या पाहुण्यासाठी मी हिमकेंद्रक प्रथिन आधी व स्वयंवाहक नंतर घेईन. ते द्रवात असेल आणि एन्झाइम मूळचे पेशीद्रवातलेच असेल, तर नवे वाहक शोधण्यापेक्षा बीजाणूंकडे वळणे बरे.

निरुपद्रवी या शब्दाबद्दल थोडेसे, कारण यजमान बदलायचा विचार आपण पुढे करालच. के-१२ हा स्ट्रेन १९२२ पासून प्रयोगशाळेत आहे; त्याच्या लिपोपॉलिसॅकराइडवरील लांब ओ-साखळी हरवलेली आहे आणि आतड्यात तो नीट तग धरत नाही. या उघड्या पृष्ठभागामुळेच त्याच्यावर पाहुणे सहज दिसते. जिथे पेशी पोटात जायच्या असतात तिथे नीसल १९१७ हा स्ट्रेन लोकप्रिय आहे, पण त्याच्यावर के-फाइव्ह कॅप्सूल असते आणि के-१२ वर उत्तम दिसणारे लहान पाहुणे तिथे झाकले जाऊ शकते. शिवाय त्याच्या जनुकसंचात कोलिबॅक्टिन हे डीएनएला इजा करणारे रसायन बनवणारा जनुकसमूह आहे. त्यामुळे निरुपद्रवी म्हणजे कोणत्या वापरासाठी, हे आधी ठरवून संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे तसेच लिहावे. बंद भांड्यात उत्प्रेरक म्हणून वापरायच्या पेशींसाठी के-१२ किंवा बीएल२१ पुरेसे आहेत. पेशी भांड्याबाहेर जाणार असतील तर प्रतिजैविक-प्रतिकाराचे जनुक प्लाझ्मिडवर ठेवू नये. त्याऐवजी यजमानातील एखादे अत्यावश्यक जनुक काढून ते प्लाझ्मिडवर द्यावे.

एक शेवटची व्यावहारिक गोष्ट. पृष्ठभागावर प्रथिन वागवणे पेशीला जड जाते, आणि ज्या पेशींत ते बनणे काही कारणाने बंद पडते त्या इतरांपेक्षा भराभर वाढतात. चार-पाच वेळा पुनर्वाढ केलेल्या संवर्धनात म्हणूनच अनेकदा काम न करणाऱ्यांचेच बहुमत झालेले असते, आणि आपले शून्य उत्तर अशा जुन्या संवर्धनातून आलेले नाही ना हेही पाहावे लागेल. जोडणीच्या दोन्ही सांध्यांचा क्रम एकदा वाचून घ्या, नव्याने ट्रान्सफॉर्म केलेल्या (प्लाझ्मिड घातलेल्या) पेशींचा ग्लिसरॉल साठा उणे ८० अंशांवर ठेवा आणि वरची प्रत्येक चाचणी त्या साठ्यातून काढलेल्या ताज्या वसाहतीपासून सुरू करा. ट्रिप्सिनचा ब्लॉट ओम्प-एच्या पट्टीसह दाखवलात, आणि एन्झाइमचे मूळ घर सांगितलेत, तर वाहकाविषयी मी याहून नेमके सांगू शकेन.